अर्ध्या तासाचं लोणचं

माझ्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की ते पार पाडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. पडघ्याच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर एक जपानी म्हातारी पाहिली. ती काही बोलत नव्हती. नुसती काकडी चिरत होती, मीठ लावत होती, पिळत होती, आणि अर्ध्या तासात तिच्या वाटीत लोणचं तयार! मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा लावला तेवढ्यात सुट्टी संपली.

आमच्या घरात लोणचं म्हणजे बरणी, बरणीला दादरा, कोरडे हात आणि वर्षभराचा बंदोबस्त. माझी आई बरणी उघडण्याआधी तीनदा हात पुसते, आणि पुरुषमाणसाला तर त्या फळीकडे बघायचीही बंदी. आणि इथे अर्ध्या तासाचं लोणचं! कधी एकदा रविवार येतो असं मला झालं.

खरं सांगायचं तर घरात तेव्हा आनंदाचं काही चाललं नव्हतं. आई न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडून बसली होती. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले तरी तिची मूठ वळत नव्हती. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा दाबायला एक रबरी चेंडू दिला होता, आणि मला बाजूला घेऊन बजावलं होतं की आता हालचाल केली नाही तर हात कायमचा असाच राहील. चेंडू आईने कपाटावर भिरकावला होता. "मी काय बारकी पोर हाय चेंडू खेलायला?" ती डाव्या हाताने, चमच्याने भात खायची, तोही आमच्याकडे पाठ करून. मला ते बघवत नसे. मी ओरडायचो, ती दुप्पट ओरडायची, आणि चेंडू होता तिथेच राहायचा.

रविवारी बायको गणेशपुरीला माहेरी गेली आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. नाक्यावरच्या दुकानात मी तांदळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, मागितला, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "चावल का? भाईसाब, यहाँ गन्ने का मिलेगा. ले जाओ, खट्टा तो खट्टा है." मी म्हटलं, चालेल! काकड्या, दोन गाजरं, एक कोवळा मुळा आणि आल्याचा तुकडा घेऊन मी विळीवर बसलो. दोनदा बोट थोडक्यात वाचलं. आई दाराशी खुर्चीत बसून माझी मजा बघत होती.

"आये, मीठ किती घालू?" मी विचारलं. व्हिडिओतल्या म्हातारीने माप सांगितलंच नव्हतं.

"लोनचं हाय ना? मग तीन मुठी," आई म्हणाली. "मिठाला हात आखडू नये, नासतं."

मूठ दाखवायला तिने सवयीने उजवा हात उचलला. मूठ झालीच नाही. तिने हात पदराखाली घेतला. मी काही बघितलंच नाही असं दाखवत भराभर तीन मुठी मीठ ओतलं.

चूक तिथेच झाली. ते माप होतं वर्षभर टिकवायच्या कैरीचं, आणि मूठ होती माझी, तिच्या दीडपट. भाजीवर ताटली आणि ताटलीवर वरवंटा ठेवून मी अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. ताटली उचलली तर केवढं पाणी सुटलेलं! मी एक चकती तोंडात टाकली आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं. त्यापेक्षा खाडीचं पाणी परवडलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पडल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती.

मग मला आठवलं, म्हातारीने मीठ लावून झाल्यावर सगळं पाण्याने धुतलं होतं. मी पातेलं नळाखाली धरलं.

"आरं! लोनच्याला पानी?" आई किंचाळली. "येडा झालास काय? सगला जलम गेला, लोनच्याला पान्याचा थेंब न्हाय लागू दिला मी!"

"आये, याला चालतं."

"कोन म्हनतं?"

"जपानची म्हातारी."

"तिला सासू नसंल," आई म्हणाली.

तीन पाण्यांनी धुतल्यावर खारटपणा बेताचा झाला. आता पिळायचं राहिलं होतं. मी मूठ भरून दाबलं, तर चकत्या बोटांतून निसटून ओट्यावर पसरल्या. पुन्हा दाबलं, तर पाणी कमी आणि गाजरच जास्त बाहेर आलं. आईच्याने बघवेना. "आन हिकडं! लुगडं पिळत्यात तसं पिळायचं. तू तर गोंजारतोस त्याला."

ती उठली. आधी तिने डावा हात घातला, पण त्या हाताला ते नीट जमेना. मग विचार न करता तिने उजवा घातला. चेंडू दाबला की तो उलटा ढकलतो. या चकत्या ढकलत नव्हत्या. पाणी सुटेल तशा त्या आकसत होत्या, आणि आईची बोटं त्यांच्या मागोमाग आत जात होती. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, दुखत होतं हे दिसत होतं. मी एक अक्षर बोललो नाही, आणि माझ्यासारख्या बडबड्याला ते किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. टोकं तळव्याला टेकली नव्हती अजून, पण अर्ध्यावर अडणारी बोटं पुढे गेली होती. पुढे गेली होती! मला नाचावंसं वाटत होतं.

"आजून पानी हाय याच्यात," ती म्हणाली आणि तिने पुढच्या चकत्या हातात घेतल्या.

सिरका, साखर, आलं आणि भाजलेले तीळ घालून मी वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने चाखलं, थोडा वेळ चघळलं. "हे लोनचं न्हाय. कोशिंबीर हाय, जरा शिकलेली." वाटी मात्र तिनेच संपवली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना मी चार किलो काकड्या आणल्या. पिशवी बघून बायकोने कपाळाला हात लावला. "एवढ्या कोण खाणार?"

मी पिशवी आईपुढे नेऊन ठेवली. आईने पिशवीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

"मीठ बेतानं घाल," ती म्हणाली आणि पोलक्याची बाही वर सारून तिने उजवा हात पुढे केला.