तपासणीआधीचा उपास

चाळिशी उलटलेल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं, असं आमच्या ह्यांच्या ऑफिसातून सांगण्यात आलं. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि आम्ही तेव्हा गाझियाबादला राहत होतो. ह्यांना सुईची भीती नाही, पण रिपोर्ट चांगला यायला हवा ही शाळकरी हौस दांडगी. रविवारची जिलेबी अंगाशी येणार, शुगर वाढलेली निघणार, अशी त्यांना खात्री होती. मला मात्र ह्यातलं काही बोलले नाहीत.

रिपोर्ट आला आणि शुगर उत्तम निघाली. कागद माझ्यासमोर नाचवून झाल्यावर ह्यांची नजर खाली गेली. तिथे लिव्हरच्या तपासण्यांमध्ये बिलिरुबिनचा आकडा ठळक छापलेला होता आणि शेजारी वर जाणारा बाण. शेजारच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी नेमक्या दही मागायला आल्या होत्या. त्यांनी कागद बघितला आणि उभ्या उभ्या पीलिया जाहीर केला.

मग आमच्या घरात कावीळ राहायला आली. ह्यांना दुखत-खुपत काही नव्हतं, तरी सकाळ-संध्याकाळ आरशासमोर पापण्या ताणून उभे राहायचे. मी हळद बंद केली आणि उकडलेला दुधी सुरू केला. आंटी रोज मुळ्याच्या पाल्याचा रस पाठवायच्या. तो संपवल्याचं ह्यांना गॅलरीतून सांगावं लागे. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. आधी तब्येत विचारली आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, ‘तिकडे घ्यायला लागलाय का गं तो?’ खोकल्याच्या औषधाने गरगरणारा हा माणूस. लिफ्टमध्ये आंटींच्या मिस्टरांनीही खांद्यावर हात ठेवून प्रमाण विचारलं. एक थेंबही घेत नाही, असं हे कळवळून म्हणाले, त्यावर ते समजूतदारपणे मान हलवत राहिले. त्या दिवशी ह्यांना दुधीही जाईना.

शेवटी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी पूर्ण कागद वाचला आणि आम्हाला समजेल अशा हिंदीत सांगितला. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींच्या आतली द्रव्यं. पेशी दुखावल्या की ती रक्तात झिरपतात आणि आकडा चढतो. ह्यांचे दोन्ही आकडे जागच्या जागी होते. अल्ब्युमिन लिव्हर स्वतः तयार करतं, तेही ठीक होतं. बिलिरुबिन म्हणजे रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरणारा पिवळा रंग. तो बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. ह्यांचं तेवढंच थोडं वाढलेलं होतं, आणि त्यातलाही लिव्हरने अजून हाती न घेतलेला भाग. एका आकड्यावरून लिव्हर बिघडलं असं म्हणत नाहीत, सगळे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायचे, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सहज विचारलं, “टेस्ट से पहले खाना कब खाया था?”

ह्यांनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“दो दिन पहले,” हे म्हणाले.

लॅबने फक्त रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलं होतं. ह्यांनी शुगर उतरावी म्हणून दोन दिवस आधीपासूनच सुरुवात केली होती. रात्री पोट जड आहे म्हणून ताकावर राहिले, आणि दोन्ही दिवस दुपारचा डबा ऑफिसातल्या मित्राला दिला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला. काही लोकांचं लिव्हर हा रंग उचलायला मुळातच जरा सुस्त असतं, उपाशी राहिलं की आकडा चढतो, घराण्यात चालत येतं आणि त्याने सहसा काही बिघडत नाही, असं त्यांनी समजावलं. खातरजमा म्हणून रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली आणि नीट जेवूनखाऊन काही दिवसांनी बिलिरुबिन पुन्हा करायला सांगितलं.

इतके दिवस मी किती घाबरले होते, ते मला बाहेर येऊन बाकावर बसल्यावर कळलं. हे शेजारी येऊन बसले आणि पाणी हवंय का विचारू लागले.

“माझी भरली वांगी त्या माणसाने खाल्ली?” मी विचारलं.

“आवडली म्हणाला,” हे म्हणाले.

दुसऱ्या तपासणीत आकडा बराच खाली आला आणि बाकी सगळं व्यवस्थित निघालं. सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, मामंजींचेही डोळे उपासाच्या दुसऱ्या दिवशी पिवळट दिसायचे, आणि त्यांना ते जागरणामुळे वाटायचं. आपल्या माहेरी असलं काही नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

तेव्हापासून हे चतुर्थीसुद्धा करत नाहीत. कुणी विचारलं तर डॉक्टरांनी मना केलंय म्हणतात. मी तिथे होते. बाईंनी चतुर्थीचं नावही काढलं नव्हतं.