‘चालेल’ म्हणजे पास की फेल?

मी सातवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे दिवे लावले त्याचं कोणाला नवल वाटायला नको.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी झाडू मारायला लागलेलो. तिथे ऑफिसातल्या ऑफिसात बोलायच्या फोनचे, म्हणजे इंटरकॉमचे डबे बनायचे. आत चिप, चिपमध्ये प्रोग्राम. साहेबांनी बघितलं की या माणसाला दिवसभर एकच काम करायचा कंटाळा येत नाही, कारण डोक्यात दुसरं काही नसतंच. म्हणून मला टेस्टिंगला बसवलं. रिसीव्हर उचल, टोन ऐक, नंबर दाब. पलीकडे घंटी वाजली तर रजिस्टरमध्ये पास, नाही वाजली तर फेल. घरी सांगितलं, मी आता कंप्युटर लाईनमध्ये आहे.

या दोन शब्दांत तिसरा मी माझा घातला. घंटी वाजते पण जरा उशिरा. लाईन अडकते पण डब्याला टपली मारली की सुटते. असल्या गरीब डब्याला फेल कसं करायचं? मी लिहायचो, चालेल, आणि पुढे सही ठोकायचो. सहा वर्षं लिहिलं. खाली साहेब सही करायचे, पण ते फक्त ‘फेल’ कुठे आहे ते शोधायचे.

नव्वद सालानंतर डोंबिवलीहून एक इंजिनियर मॅडम यायला लागल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका. डब्याने कसं वागायचं ते त्यांनी नियमांत मांडायला घेतलं. ना मराठी, ना इंग्रजी, नुसते बाण आणि कंस. रिसीव्हर उचलला की टोन आलाच पाहिजे, ठेवला की लाईन मोकळी झालीच पाहिजे, असं सगळं. हे नियम कंप्युटरला दिले की तो स्वतःच टेस्ट तयार करणार, वायरीतून स्वतःच नंबर लावणार आणि डबा नियमाने वागला का ते स्वतःच ठरवणार.

मी विचारलं, मग मी काय करणार? त्या म्हणाल्या, काका, आधी तुम्ही मला डबा समजावून सांगा.

एवढा मान मला जन्मात मिळालेला नाही. पंधरा दिवस खुर्ची ओढून बसलो आणि डबा कधी रुसतो, कधी बोबडा बोलतो, सगळं ओतलं. आपण आपल्याच पोटावर पाय देतोय हे कळत होतं, पण तोंड थांबेना.

एक दिवस त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवलं.

“काका, हे चालेल म्हणजे पास की फेल?”

“चालेल म्हणजे... चालेल, मॅडम.”

“पण डबा चालतो की नाही?”

“टपली मारली की चालतो.”

त्या हसल्या नाहीत. कागदावरच्या बाणांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “यात टपलीला जागा नाही हो.”

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुमी आमटीला पन त्येच बोलता. पंचवीस वर्सांत मना कललं नाय, चांगली झाली का वाईट.”

मग कंप्युटर सुरू झाला. शहाणा माणूस करणार नाही असले चाळे त्याने केले. घंटी वाजायच्या ऐन वेळी रिसीव्हर उचल, ठेव, परत उचल. मला जे करायला दिवस लागायचा ते त्याने मी जेवणाचा डबा उघडेपर्यंत संपवलं. प्रिंटरमधून कागद आला. जिथे जिथे माझं चालेल, तिथे तिथे त्याचं फेल.

साहेबांनी कागद आणि रजिस्टर शेजारी ठेवलं आणि ही सही तुझीच ना, असं विचारलं. माझीच होती. खाली त्यांचीही होती, पण ती त्यांनी अंगठ्याखाली झाकली होती. मॅडम म्हणायला लागल्या की काकांनीच मला सगळं सांगितलं, पण साहेबांनी हात वर केला. मला सांगायचं होतं की ज्यांच्याकडे डबे गेलेत ते पण टपली मारत असतीलच.

“सोमवारपासून तू पॅकिंगला,” साहेब म्हणाले. “थर्माकोल भरायचं. चालेल ना?”

सहा वर्षांत पहिल्यांदा मला फेल म्हणावंसं वाटलं.

“चालेल,” मी म्हणालो.