नवरदेवाची ट्रिल

"काका, ह्या चाव्यांना रबर का लावलंय?"

नवरदेव स्वतः बँड ठरवायला आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एरवी बाप येतो, काका येतो, गाण्यांची यादी देतो आणि चहा पिऊन जातो. हा विलास आमच्या मसोली गावातल्या बँडच्या दुकानात शिरला तो थेट माझ्या क्लॅरिनेटपाशी. तलासरीकडचा मुलगा. घरची भात-नागलीची शेती, आणि हा फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लग्नासाठी महिन्याभराच्या सुट्टीवर आलेला.

"हवा गळते तिथून," मी म्हटलं. "तशाही त्या दोन चाव्या एक्स्ट्राच असतात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, त्या ट्रिलच्या चाव्या आहेत."

अठ्ठावीस वर्षं मी वरातीत क्लॅरिनेट वाजवतोय. सगळं कानाने ऐकून शिकलेलं. त्या दोन चाव्या कशासाठी असतात ते मला त्या दिवशी कळलं.

ट्रिल म्हणजे शेजारशेजारचे दोन सूर इतक्या भराभर आलटूनपालटून वाजवायचे, की एकच सूर थरथरतोय असं वाटावं. बऱ्याच ठिकाणी एक बोट उचललं-टेकवलं की काम होतं. पण मधल्या एका जागेवर सूर बदलायचा तर जवळजवळ सगळी बोटं एकदम टेकवावी लागतात. ते भराभर कोण करणार? म्हणून ट्रिलची फिंगरिंग, म्हणजे बोटांची ठेवण, वेगळी असते. चोरवाटच म्हणा. डाव्या हाताने खालचा सूर धरून ठेवायचा आणि उजव्या तर्जनीने बाजूच्या दोन चाव्या टकटकवायच्या. आजवर मी अशा जागी नुसता जबडा हलवायचो. कुणी तक्रार केली नव्हती.

विलासची अट सरळ होती. वरात मांडवाच्या दारात आली की सगळा बँड थांबणार. एकट्या क्लॅरिनेटने लांब ट्रिल धरायची. ती संपली की ड्रम पडणार आणि तो गाडीतून उतरणार. "युनिटचे चार दोस्त येणारेत, काका. इज्जतीचा सवाल आहे."

"थई जशे! होऊन जाईल!" आमचे मालक दिनूशेठ मला न विचारताच म्हणाले. तो गेल्यावर मात्र माझ्याकडे वळले. "मास्तर, जमणार नसेल तर आत्ताच बोला. वलसाडहून दुसरा क्लॅरिनेटवाला बोलावतो."

"जमेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

विलासने रबर काढलं, चावीखालची झिजलेली गादी बदलली आणि मला बोटं दाखवली. घरी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी बायको आतून ओरडली, "अहो, कुणाचा तरी फोन वाजतोय!" चौथ्या दिवशी म्हणाली, "आता निदान उचला तरी तो." मी ते कौतुक समजलो.

बोट वेगात चालायचं, पण सारखं चालायचं नाही. विलास म्हणाला होता, वाजवत नसाल तेव्हाही बोट हलवत राहा. चारोटीला निघालेल्या टमटममध्ये मी मांडीवर हलवत बसलो. गर्दीत मांडी कुठे संपली ते कळलं नाही. शेजारी वरोरच्या एक मावशी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसल्या होत्या.

"घ्यायचे तर घ्या ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मघापासून टोचून काय बघताय?"

अर्धा किलो घ्यावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात ट्रिल जमली. खरंच जमली. विलास दुकानात ऐकायला आला आणि डोळे मिटून उभा राहिला. "एक नंबर, काका. आता फक्त शेवट कसा करायचा तो राहिला. परवा येऊन दाखवतो." परवा त्याची हळद होती. तोही विसरला आणि मीही.

लग्न उधव्याच्या पलीकडे, नवरीच्या पाड्यावर होतं. वरात मांडवाच्या दारात आली. बँड थांबला. मी श्वास भरला आणि सुरू केलं. काय सांगू! सूर नुसता थरारत होता. फौजेतले चौघे एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. बाया घरातून बाहेर आल्या. आमचा बाबू काठी उंच धरून बेस ड्रमपाशी तयार.

आणि मला कळलं, हे संपवायचं कसं ते मला माहीत नाही.

थांबलो तर तुटल्यासारखं होईल, म्हणून मी वाजवतच राहिलो. बाबूचा हात वरच. नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन ताटकळलेली. माझे डोळे बाहेर यायची वेळ आली. तेवढ्यात विलास मुंडावळ्यांसकट उघड्या जीपमध्ये उभा राहिला आणि त्याने हवेत मूठ आवळली. फौजेत त्याचा अर्थ, बंद करा. मी बंद केलं.

मूठ आवळून उभा असलेला नवरदेव सगळ्या पाड्याने पाहिला.

"रुसला!" कुणीतरी म्हणालं.

नवरीचे मामा धावत जीपपाशी आले. "काय झालं, जावईबापू? काय कमी पडलं?"

विलासने दोन बोटं दाखवली. "मामा, दोन नोट राहिल्या!"

ट्रिलच्या शेवटी दोन छोटे सूर घेऊन उतरायचं असतं. फौजेत सुराला नोट म्हणतात. मामांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि माझ्या युनिफॉर्मच्या खिशात कोंबल्या. "घ्या मास्तर. पण लग्न होऊ द्या."

विलास हसता हसता खाली बसला. मग त्याने ते दोन सूर गुणगुणून दाखवले. मी ते वाजवले, बाबूने ड्रम हाणला आणि एकदाचा नवरदेव उतरला. दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. मामांना नंतर कुणीतरी सगळं समजावलं, पण नोटा त्यांनी परत घेतल्या नाहीत.

ट्रिल आता मला चांगली येते. कुणी नवीन काही शिकवायला लागलं, की मी पहिल्यांदा विचारतो, हे थांबवायचं कसं?