तिसरा हॉर्न

जयनगरमधल्या आमच्या मराठी वाचनालयाची यादी मी ठेवते. बेळगावकडची एक बाई दर शनिवारी दमलेली येते आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांचं शेवटचं पान आधी वाचते.

"अक्का, हीपण नवऱ्याचे पाय धरून परत गेली बघा. नको मला."

घरी वाचलेलं तिच्या नवऱ्याला चालत नाही. तो खाली स्कूटरवर थांबतो. दुसऱ्या हॉर्नला ती निमूट उठते.

काल तिला परत न गेलेली एक सापडली. शेवटच्या पानावरून ती पहिल्यावर आली. तिसरा हॉर्न वाजला.

"स्वल्प थांबा की!" ती खिडकीतून ओरडली आणि पुन्हा बसली.

बंद करायची वेळ झाली होती. मीही दमले होते. कुलूप टेबलावर ठेवून मी खुर्ची ओढली.