कुंडातल्या माशांची फिर्याद

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण आजही डोक्यातून जात नाही ती घटना माशांची आहे.

बनारसला संकठा घाटाजवळच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. दूधविनायक गल्लीतल्या एक काकू तक्रार घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्याच मराठी लोकांतल्या. गल्लीमागच्या कुंडातल्या माशांना त्या रोज कणकेच्या गोळ्या घालायच्या आणि ते मासे हळूहळू नाहीसे होत होते. "देवाचे मासे चोरतोय कुणी मेला! तू दरोगा कशाला झालास रे?" असं त्यांनी शिपायांसमोर मला सुनावलं.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्यानं बातमी आणली. घाटावरचा एक नावाडी जाळं घेऊन कुंडाच्या पायऱ्यांवर दिसला होता. मी त्याला उचलून आणला. दोन दिवस तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तो एकच सांगे, "जाल सुखाने गए थे, साहब. सामने गंगाजी हैं, कुंड से काहे चुराएँगे?" जाळं वाळत घालायला गेलो होतो, हे उत्तर इतकं सरळ होतं, की मला ते पढवलेलं वाटलं. तिकडे गल्लीत बोभाटा झाला. त्याच्या होडीत बसणारी मराठी घरं दुसरी होडी बघू लागली. हे कळल्यावर तो रडकुंडीला आला. "एक बार जाल डालकर देख लीजिए न!"

पंचांसमोर त्यालाच जाळं टाकायला लावलं. वर आले ते हातभर लांब, काळे, मिशाळ मांगूर. "ये अपना मांगुर नहीं, बाहर वाला है. सब खा जाता है," तो म्हणाला. एकाचं पोट फाडलं, तर आत कुंडातले छोटे मासे. या परदेशी मांगुराच्या विक्रीवर बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. मग कुंडात सोडले कुणी? बाजारातल्या मासेवाल्याला दरडावलं, तसा तो चाचरत बोलला, "माताजी ले जाती हैं, हर एकादशी को, छोड़ने के लिए."

माताजी म्हणजे आमच्या काकू!

त्यांना कुंडावर बोलावून विचारलं. "बाजारातले बाकीचे मासे पिशवीतच मरायचे रे," काकू म्हणाल्या. "हेच तेवढे कुंडापर्यंत तगायचे. म्हटलं, यांनाच जीवदान द्यावं." हे मांगूर बाकीच्या माशांना खातात, असं मी सांगितलं. "म्हणजे मीच खाऊ घातले सगळे?"

मासेवाल्यावर गुन्हा नोंदवला, नावाड्याला सोडलं. मी त्या प्रकरणात कुंडाजवळच्या देवळातल्या पुजाऱ्यावर संशय घेतला, खुद्द खबऱ्यावर घेतला. काकूंवर मात्र कधीच नाही, कारण त्या आमच्यातल्या. नावाड्यासाठी एक जाळं पुरलं. याची मला अजून लाज वाटते.

जाताना तो म्हणाला होता, "साहब, घाट पर सबके सामने बोल दीजिए कि हमने नहीं लिया." मी हो म्हटलं. पण वर्दीत उभं राहून चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा काढला. गेलो, तेव्हा त्याची होडी दुसराच कुणी वल्हवत होता.