तब्येतीकडं लक्ष

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांच्या राहू गावातल्या घरातून आजवर कुणी उपाशी बाहेर पडलेलं नाही. कुणी तसा प्रयत्न केलाच तर मामा त्याच्या चपला लपवून ठेवत. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दह्याची वाटी संपवल्याशिवाय सुटत नसे. बारीक माणूस दिसला की मामांना तो स्वतःचा अपमान वाटे. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं मनगट चिमटीत धरून ते मला म्हणाले, "जावई चांगला हाय, पर अजून पुरता आल्याला न्हाई." तब्येत या शब्दाचा आरोग्याशी काही संबंध असतो हे मामांना मान्यच नव्हतं. बीपी, शुगर, गुडघे असं सगळं बाळगून असलेला माणूस जाडजूड असला, की त्याची तब्येत झ्याक.

टाळेबंदी लागली तेव्हा मी शिरूरहून चार दिवसांसाठी आत्याकडे आले होते, ती तिथेच अडकले. मामांचा मुलगा कुरकुंभला औषधाच्या कंपनीत. ती काही बंद नव्हती. शिफ्ट करून आपण घरी रोग आणायला नको म्हणून त्यानं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, गौरीला, आजोबांकडे पाठवलं. त्यातच डेअरीची गाडी येईना. म्हशींना काही टाळेबंदी कळत नव्हती, त्या दूध देतच होत्या. त्या दुधाचा खवा झाला, बासुंदी झाली, तूप झालं, आणि ते सगळं गौरीच्या पोटात गेलं. शाळा मोबाइलमध्ये, मैत्रिणी आपापल्या घरात, अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टीव्हीवर मेलेल्यांचे आकडे यायला लागले की मामा तो बंद करत आणि नातीच्या ताटात तुपाची धार सोडत. "परतिकारशक्ती पायजे," म्हणत. भीतीनं लोक देव पाण्यात घालतात. मामांनी नात तुपात घातली.

हळूहळू गौरीला ओटा चढतानाच धाप लागायला लागली. झोपेत घोरायला लागली. मान काळवंडली. आत्याला वाटलं, मळ साचलाय. तिनं पाय घासायच्या वजरीनं पोरीची मान घासली. पोरगी रडली, मान सोलवटली, काळं तसंच राहिलं. मग मामांनी दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना माणसांनी भरलेला, डॉक्टर घाईत. ते एवढंच म्हणाले, "आत्ता इकडं आणू नका, तिच्या तब्येतीकडं लक्ष द्या." मामांनी फोन ठेवला आणि आत्याला फर्मान सोडलं, "डाक्टर म्हनला, तब्येतीकडं लक्ष द्या. उद्यापासनं बदाम वाढवा." मी परोपरीनं सांगून पाहिलं. "तू शिरूरला जाऊन हाडं मोजत बस," म्हणाले.

रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी मानेवरून बोट फिरवलं, रक्त तपासलं. "आबा, हा मळ नाही. साखर काठावर आलीय, लिव्हरला सूज आहे. खाऊ घालून घालून आजारी पाडलीत पोरीला."  येताना गाडीत, घर जवळ आल्यावर मामा म्हणाले, "म्या रोग घरात यिऊ दिला न्हवता."

मग अर्धी भाकरी, पालेभाजी, ताक, आणि संध्याकाळी उसाच्या बांधानं चालणं सुरू झालं. गौरीला मामाच वाढत, पण वाढताना तिच्याकडे बघत नसत. एकदा बांधावर तिनं विचारलं, "आबा, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?" "न्हाई गं बाय," मामा म्हणाले. माणसाला जीव लावायची त्यांना एकच रीत ठाऊक, आणि तीच डॉक्टरांनी काढून घेतलेली. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

गौरी आता कुरकुंभला आहे. वजन जरा उतरलंय, गोळी चालू आहे, मान अजून काळीच. मामा रोज संध्याकाळी तिला फोन लावतात. "जेवलीस का?" असं विचारायचं नाही हे त्यांनी आपणच ठरवलंय, आणि तो सोडून दुसरा प्रश्न त्यांच्यापाशी नाही. मग फोन कानाला लावून नुसते बसून राहतात. परवा मी राहूलाच होते.  शेवटी पलीकडून गौरीच म्हणाली, "आबा, तुम्ही जेवला का?"

मामा म्हणाले, "व्हय." आत्यानं वाढलेलं ताट त्यांच्यासमोर तसंच होतं.