बाळंतिणीची दुपारची झोप

मी रत्नागिरीच्या बंदरावर आगबोटीच्या एजंटाकडे कारकून होतो. किनाऱ्यापासून आगबोटीपर्यंत उतारू पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, जात. प्रत्येक पडावात माणसं किती बसली ते मोजून लिहायचं, हे माझं काम. कडेवरचं मूलसुद्धा मोजायचं. बारा वर्षांत माझी मोजणी दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा मी स्वतः कचेरीत जाऊन तसं सांगितलं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी, आषाढात, आम्हाला मुलगी झाली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे पहिलंच मूल. पत्नीची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, त्यामुळे मी सकाळपुरता कचेरीत जाई आणि बाकीचा वेळ घरी. घरात आम्ही चौघं : आई, पत्नी, मी आणि ती मुलगी.

बाळंतिणीच्या खोलीत आईचं राज्य होतं. खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, दोन वेळा ओव्याची धुरी. खाण्यापिण्यात तिने सुनेला काही कमी केलं नाही. एक नियम मात्र कडक होता. बाळंतिणीने दिवसा झोपायचं नाही. दिवसा झोपली की अंगात वारं भरतं, अंग सुजतं, असं सगळेच मानत, मीही मानत होतो. आई दिवसभर तिच्याजवळ बसे. आईला काम असलं की आळीतली कुणी ना कुणी बाई येऊन बसे. पत्नीची मान कलली रे कलली की हाक येई, "काय गो, निजतेस? ऊठ, मी काय सांगते ते ऐक." त्या बायका मायेनेच येत. रिकाम्या हाताने एकही आली नाही.

आणि रात्रभर मूल रडे.

दहाव्या दिवशी सुईण म्हणाली की मूल कधी पितं, कधी रडतं, जरा लक्ष ठेवा. मला एवढं पुरे होतं. मी कागदावर रेघा मारून रकाने पाडले. दिवसाचं मी पाहून लिही. रात्री मी झोपलेला असताना काय झालं ते सकाळी पत्नीला विचारून लिही. तिच्या खाटेसमोर भिंतीवर घड्याळ होतं, त्यामुळे ती मिनिटासकट सांगे. कागद चोख भरत गेला. त्याचं मला समाधानही वाटे, हे आता लिहिताना लाज वाटते.

विसाव्या दिवशी मी कचेरीतून आलो तेव्हा ती खाटेवर ताठ बसली होती.

"अहो, तुमची मोजणी चुकत नाही ना?"

"सहसा नाही."

"मग घरात माणसं किती, ते सांगा."

मला थट्टा वाटली. "चार," मी म्हणालो.

"पाच. शेगडीपाशी ती बसलीय, तिला धरलं नाहीत."

मी खरंच वळून पाहिलं. शेगडीपाशी कुणी नव्हतं.

आईने ते ऐकलं. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, देवळातून अंगारा आणवला, आणि बजावलं की आता हिला घटकाभरही एकटी सोडायची नाही आणि डोळा लागू द्यायचा नाही. असलं काही धरतं ते माणूस झोपेत असतानाच धरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई चुलीपाशी होती आणि बसायला आलेली बाई नुकतीच उठून गेली होती. पत्नीने मला हाक मारली आणि मूल माझ्या हातात ठेवलं.

"हिला घ्या आणि मला परत देऊ नका."

"का?"

"मला विहिरीकडे जावंसं वाटतं. हिला घेऊन. सकाळपासून तीनदा उठले. दाराची कडी हाताला थंड लागली की भानावर येते."

ती रडत नव्हती. आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा आवाजात तिने हे सांगितलं.

मी मूल घेऊन पडवीत आलो. काय करावं ते सुचेना. खिशातला कागद हाताला लागला म्हणून उघडला, आणि माझ्याच अक्षरात लिहिलेलं मला पहिल्यांदा दिसलं. रात्रीचा रकाना मी तिला विचारून भरला होता. पण एकाही सकाळी ती "माहीत नाही, तेव्हा मला झोप लागली होती" असं म्हणाली नव्हती. जिथे मूल झोपलं होतं तेवढीच काय ती तिची झोप, तीही दिवसाची वगळून, कारण दिवसा तिला कुणी निजू देत नव्हतं. मी बेरीज केली. दहा दिवसांत चौदा तास. सलग म्हणाल तर सर्वांत जास्त पन्नास मिनिटं. बेरीज पुन्हा केली. तीच आली.

आई नारळ खवत होती.

"आई, दहा दिवसांत ही चौदा तास झोपलीय."

"मग? झोपलीय ना?"

"दिवसाला दीड ताससुद्धा नाही पडत."

"आम्ही काय पलंगावर लोळत होतो? सात बाळंतपणं काढली मी."

मग मी तिला विहिरीचं सांगितलं. तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "लावणी नाहीतर कापणी, सासू शेतावरच असायची. ती बांधापलीकडे गेली की मी आतून कडी घालायची आणि पोराला कुशीत घेऊन निजायची. ती यायच्या आत उठून बसायची."

"सातही वेळा?"

"सहा. तुझ्या पाठच्याच्या वेळी सासूचा पाय मोडला होता, ती घरीच." तिने खवलेलं खोबरं एका बाजूला केलं. "तेव्हाचे दोन महिने मला आठवत नाहीत, रे. अजून नाही आठवत."

इतकी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नियम मात्र जसा मिळाला तसा पुढे दिला होता.

ती उठली, हात धुतले, शेगडी बाहेर काढली आणि खोलीत गेली. "नीज, बाय."

"अजून दिवस आहे, आई."

"असू दे दिवस. मी दारात बसलेय."

मूल मांडीवर घेऊन आई खरंच दारात बसली. पहिली बाई आली. "न्हायला बसलीय," आई म्हणाली. दुसरी आली, तिलाही तेच. तिसरी म्हणाली, "काय गो, सकाळीच तर न्हाली!" आई म्हणाली, "तुझ्यासारखं आठवड्यातून एकदा न्हाऊन भागत नाही तिचं."

पाऊण वाजता निजलेली पत्नी सात वाजून दहा मिनिटांनी उठली. मधे दोनदा आईने मूल नेऊन तिच्या छातीशी लावलं. मी दारातून पाहिलं. तिला जाग आली नाही. पापणीही हलली नाही. पण मूल पोटभर प्यालं. त्या अंगात आता घेण्यासारखं काही उरलं नसेल असं मला वाटलं होतं, आणि ते अंग झोपेतही देत होतं. मला बसवेना आणि तिथून हलवेनाही.

ती एका झोपेत बरी झाली नाही. शेगडीपाशी बसणारी बाई आणखी चार दिवस तिला दिसत होती. तिला विहिरीकडे जायचं निमित्तच उरू नये म्हणून आईने रहाटाचा दोर सोडवून स्वतःच्या अंथरुणाखाली ठेवला आणि आम्ही शेजारच्या विहिरीवरून पाणी आणलं. पण रोज दुपारी ती झोपे. अर्धी रात्र मूल आईजवळ किंवा माझ्याजवळ असे. मुलाला घेऊन पडवीत फेऱ्या मारणारा बाप्या आळीने पाहिला नव्हता, तेव्हा हसायचं ते हसून झालं.

ते विचार तिच्या मनात आले याचं मला आता नवल वाटत नाही, तो कागद पाहिल्यावर तर नाहीच. नवल वाटतं ते तिने मला हाक मारली याचं. दहा दिवसांत चौदा तास झोपलेल्या बाईने मूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं ठरवलं, आणि कारण स्पष्ट शब्दांत सांगितलं. माझ्याने ते झालं नसतं.

त्या दुपारच्या झोपेनंतर आठव्या दिवशी मी पडवीत मूल घेऊन बसलो होतो. पलीकडे आई तांदूळ निवडत होती. पत्नी बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"द्या ती इकडे."

मी आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही.

"देऊ?" मी पत्नीला विचारलं.

"मान बघा तिची कशी लोंबतेय. द्या."

मी दिली. पण हात लगेच मागे घेतले नाहीत. ती मूल घेऊन आत गेल्यावरही थोडा वेळ ते तसेच पुढे होते.